मैद्याची जागा रताळं कशी घेतं

शेतातून नुकत्याच काढलेल्या रताळ्यात माल्टोज नावाची साखर जवळजवळ नसते. थोडी साधी साखर, थोडं ग्लुकोज, थोडं फ्रुक्टोज असतं. बाकी मुख्यतः पाणी आणि स्टार्च. तेच रताळं तासभर मंद आचेवर भाजलं, की त्यातली सगळ्यांत जास्त साखर माल्टोजच असते. बाहेरून कोणी चिमूटभरही घातलेली नाही. रताळ्याने ती आपल्याच अंगातल्या स्टार्चपासून, विस्तवावर असताना तयार केली. भाजीच्या टोपलीत पडून राहिलेल्या एका कंदाला हे जमतं, याचं मला अजूनही नवल वाटतं. मैदा अजिबात न घालता चांगली ब्राउनी करता येते, त्याचं अर्धं कारण या एका गोष्टीत आहे.

रायगडात ही गोडी जिभेला फार पूर्वीपासून माहीत आहे. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या, की पनवेलपासून पेण-अलिबागपर्यंत पोपट्या लागतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधे कांदे, बटाटे, रताळी, अंडी, खाणाऱ्यांच्या घरी मसाला लावलेली कोंबडी. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवून द्यायच्या. पाण्याचा थेंब नाही. मडकं उघडल्यावर शेंगांवर उड्या पडतात हे खरं, पण त्या पोपटीतलं रताळं फोडून पाहिलंय कधी? सालीखाली चिकट, मधासारखा रस सुटलेला असतो. कुकरमध्ये तीन शिट्ट्या काढलेल्या रताळ्याला तो सहसा सुटत नाही.

का सुटत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर भरपूर असतं. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब माळ. हे विकर त्या माळेच्या टोकापासून दोन-दोन मणी काढत जातं, आणि त्या दोन मण्यांच्या जोडीलाच माल्टोज म्हणतात. पण कच्च्या रताळ्यातला स्टार्च घट्ट कणांत बांधलेला असतो, विकराला तिथे शिरकावच मिळत नाही. तापमान साधारण साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेलं की कण पाणी पिऊन फुगतात, मोकळे होतात आणि विकराचं काम सुरू होतं. ऐंशी अंशांच्या जवळ पोचल्यावर मात्र विकर स्वतःच उष्णतेने निकामी होतं. म्हणजे कामाला मिळतात ते मधले जेमतेम पंधरा-वीस अंश. मंद आचेवर अख्खं रताळं भाजलं, तर गाभा हे अंतर हळूहळू ओलांडतो आणि गोडी साठत जाते. कुकरच्या वाफेत तेच अंतर भराभर संपतं. मोड आलेल्या नाचणीच्या सत्त्वाला जी सौम्य गोडी येते, तीही याच जातीच्या विकरांची करणी.

आता ब्राउनीकडे येऊ. शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी बायकांच्या जेवणाच्या डब्यासाठी ती पहिल्यांदा केली, असं ते हॉटेल सांगतं. स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं ती सर्वधर्मपरिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. हातात धरून खाता यावा, चुरा पडू नये असा ओलसर, दाट चॉकलेटी तुकडा, ही त्या पदार्थाची गरज. आणि इथेच मैद्याची भूमिका केकपेक्षा वेगळी ठरते. पावाला मैद्यातलं ग्लुटेन लागतं, कारण त्याची जाळी हवा धरून ठेवते. केकला ते थोडं चालतं. ब्राउनीत मात्र ते जितकं कमी तितकं बरं. म्हणूनच मैदा घातल्यावर फार घोटू नका, असं प्रत्येक अनुभवी हात सांगतो. ब्राउनीचा आकार धरतात ती अंड्यातली प्रथिनं, पाणी शोषून घेणारा कोको आणि थोडासा स्टार्च. यातला स्टार्च आणायला आपण मैदा घालतो, आणि त्याच्याबरोबर नको असलेलं ग्लुटेनही घरात घेतो.

एवढं कळलं, की कुठली भाजी चालेल याचं उत्तर आपोआप मिळतं. ‘भाजी घातलेला केक’ म्हटलं की लोक दुधी, बीट, गाजर, लाल भोपळा या सगळ्यांना एका रांगेत बसवतात. ते मला पटत नाही, कारण प्रत्येकीचं काम वेगळं आहे. आपल्याकडचंच उदाहरण बघा. सिंधुदुर्गात ज्याला धोंडस म्हणतात आणि गोव्यात तवसळी, तो मोठ्या जून काकडीचा केक. तवशाचा कीस, गूळ, ओलं खोबरं आणि भाजलेला रवा. भांड्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे. ओव्हन आपल्या घरांत यायच्या कितीतरी आधीची ही भट्टी. पण त्यात काकडी रव्याची जागा घेत नाही. ती दुधा-पाण्याची जागा घेते. किसाला सुटलेलं पाणी टाकून न देता त्यातच रवा भिजवायचा, ही त्या पदार्थाची सगळी अक्कल. दुधीचंही तसंच. बीट रंग आणि ओल देतं. लाल भोपळा थोडा दाटपणा देतो, तरी घारग्यांना कणीक लागतेच. पीठ पूर्ण बाहेर ठेवायचं असेल, तर पाहिजे ती अशी भाजी, जी स्वतःच अर्धं पीठ आहे. म्हणजे कंद. आणि कंदांमध्ये गोडाकडे झुकणारा रताळ्यासारखा दुसरा नाही.

मराठी स्वयंपाकघराला गव्हाशिवाय रांधण्याचा सराव कुठे झाला, असं विचारलं तर मी उपासाकडे बोट दाखवीन. आषाढी, कार्तिकी, महाशिवरात्र, चतुर्थ्या. गहू नको, डाळ नको, आणि तरी ताट भरलेलं हवं. त्या अडचणीतून रताळ्याचा कीस आला, गुळाच्या पाकातल्या चकत्या आल्या, राजगिरा-शिंगाड्याचे किती प्रकार आले. रताळं मूळचं अमेरिका खंडातलं, तरी महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी पनवेलच्या बाजारात त्याचे ढीग पाहिले, की ते कधी परकं होतं हे खरं वाटत नाही. त्याचं कूळही मजेशीर. बटाट्याशी त्याचं नातं फार लांबचं आहे. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत जांभळी फुलं घेऊन पसरलेली मर्यादावेल मात्र त्याची जवळची बहीण. आणि २०१५ मध्ये शास्त्रज्ञांना लागवडीच्या रताळ्यांमध्ये मातीतल्या ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूची जनुकं सापडली. माणसाने प्रयोगशाळेत जनुकं बदलायला सुरुवात केली त्याच्या हजारो वर्षं आधी निसर्गाने हे करून ठेवलेलं होतं, आणि आपण ते उपासाला खात आलो.

तर कृती. दोन मध्यम रताळी सालीसकट, ओव्हनमध्ये दीडशे-एकशे साठ अंशांवर सुरी सहज आत जाईपर्यंत भाजा. तासाच्या वर लागतो. ओव्हन मोकळा नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून, बारीक आचेवर, फिरवत फिरवत. साल काढून गर कुस्करा. २५० ग्रॅम गर घ्या, गुठळी राहू देऊ नका. त्यात १०० ग्रॅम गुळाची पूड आणि दोन अंडी घालून चांगलं फेटा. १२५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे मिक्सरमध्ये तेल सुटून मऊ लगदा होईपर्यंत वाटून घाला. हेच घरचं पीनट बटर. मग ४० ग्रॅम बिनगोडाचा कोको, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. आठ इंची चौकोनी साच्याला कागद लावून मिश्रण ओता आणि १८० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं भाजा. मधोमध सळई खुपसली तर ती थोडी ओलसर यावी, कोरडी नको.

यातली प्रत्येक गोष्ट काही करते आहे. दूध-पाणी घातलेलं नाही, कारण मैद्यात शंभर भागांत बारा-तेरा भाग पाणी असतं आणि कच्च्या रताळ्यात सत्तरीच्या वर. भाजताना काही उडून गेलं तरी गरात पुरेसं उरतं. रताळ्याचा कच्चा कीस इथे चालणार नाही. गरातला स्टार्च भाजतानाच फुलून मऊ झालेला असतो, तो मिश्रणात लगेच दाटपणा आणतो. मैद्याला हे सगळं ओव्हनमध्ये करावं लागतं, तेही साखरेशी पाण्यासाठी भांडत. गूळ आणि साधा कोको दोन्ही किंचित आंबट, त्यांची सोड्याशी गाठ पडली की वायू सुटतो आणि मिश्रण हलकं होतं. माल्टोजची गोडी साखरेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकीच, त्यामुळे रताळं एकटं सगळी गोडी पुरवू शकत नाही, पण गूळ बराच कमी लागतो. शेंगदाण्याची चरबी लोण्याचं काम करते.

आणि निवल्याशिवाय कापू नका. गरम असताना ही ब्राउनी खिरीसारखी वाटेल आणि आपलं काही चुकलं अशी शंका येईल. स्टार्चचे मोकळे झालेले धागे थंड होताना पुन्हा एकमेकांत गुंततात, तेव्हा कुठे ती घट्ट होते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी कडा स्वच्छ कापल्या जातात, आणि चवही मुरते. अंडी न खाणाऱ्या घरांत ती वगळता येतात, पण मग हाती येईल तो प्रकार वडीच्या जवळचा असेल. चविष्ट, पण ब्राउनी नव्हे.

पौष्टिकतेबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं, कारण ‘हेल्दी’ या शब्दाखाली बरंच काही खपवलं जातं. शंभर ग्रॅम कच्च्या रताळ्यात साधारण ८६ कॅलरी असतात आणि ३ ग्रॅम तंतू. तेवढ्याच मैद्यात ३५० च्या आसपास कॅलरी, आणि तंतू जवळपास तितकेच. म्हणजे तेवढ्याच तंतूंसाठी मैद्यातून चौपट उष्मांक पोटात जातात. पोटॅशियम रताळ्यात जास्त. ग्लुटेन न चालणाऱ्यांना तर हा सरळच फायदा. पण गूळ हीसुद्धा साखरच आहे, आणि शेंगदाण्यांनी उष्मांक वाढतात. शिवाय जी मंद भाजणी रताळ्याला गोड करते, तीच त्यातला स्टार्च पचायला सोपा करते. उकडलेल्यापेक्षा भाजलेल्या रताळ्याने रक्तातली साखर अधिक वेगाने चढते, हे मोजून पाहिलेलं आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ‘मैदा नाही ना’ म्हणून दोन तुकडे जास्त घेऊ नयेत.

बीटा-कॅरोटिनचंही तसंच. शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं, आणि रताळ्याची ख्याती मोठ्या प्रमाणात त्यावरच उभी आहे. पण ते असतं आतून नारिंगी असलेल्या रताळ्यात. आपल्या बाजारात लाल सालीचं, आतून पांढरं रताळं जास्त दिसतं. ते गोड लागतं, पिठूळ असतं, पण त्यात हे द्रव्य फारच थोडं. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही जात दिली, तिच्यात शंभर ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन आहे. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचीही ‘कोकण अश्विनी’ नावाची रताळ्याची जात आहे, म्हणजे कोकणच्या मातीत या पिकावर काम झालेलं आहे. आफ्रिकेत नारिंगी रताळं घरोघरी पोचवणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि मोझांबिकमध्ये पावाच्या मैद्यातला काही भाग काढून रताळ्याचा गर घालायचे प्रयोगही झाले. तिथे तो मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न होता. स्निग्ध पदार्थाबरोबर खाल्लं तर बीटा-कॅरोटिन अंगी अधिक लागतं, त्यामुळे शेंगदाण्याचा लगदा घातलेली ब्राउनी हे त्याला बरं वाहन आहे.

पनवेल, कामोठे, खारघर, कळंबोली या पट्ट्यात घरून केक करून विकणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यांच्यासाठी हा लेख मुद्दाम लिहिला आहे. भाजीवाल्याकडे नारिंगी रताळं मागा; मागणारे वाढले तर तो आणील. ते मंद आचेवर, घाई न करता भाजा. आणि ब्राउनी डब्यात भरून विकाल, तेव्हा ‘बिनमैद्याची’ असं मोठ्या अक्षरांत लिहिताना तिच्यात गूळ किती आणि शेंगदाणे किती, हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा.