उन्हातली सायकल आणि पाळीची शिस्त

वैशाखातल्या दुपारी बिलोलीच्या रस्त्यावर उभे राहिले म्हणजे वाळवंट पाहायला राजस्थानात जाण्याची गरज वाटत नाही. पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो आणि मांजरेच्या पात्रातली वाळू पायाला चटके देते. अशा मुलखातही खेड्यापाड्यांतली मुले-मुली सायकलीवरून शाळेला येतात. म्हणून वाळवंटात सायकलपटू सराव कसा करतात, हे आपणही समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचे शहर वाळवंटात वसले आहे. हिवाळ्यात तेथे सायकलपटूंचे जथे सरावाला उतरतात. त्यांच्या गावी रस्त्यांवर बर्फ असते. येथे मात्र कोरडी हवा, स्वच्छ ऊन आणि चढायला डोंगर. पण जून महिन्यात त्याच मुलखाचे रूप पालटते. 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावरून निघते आणि वाळवंट ओलांडून पूर्व किनाऱ्याला पोचते. अंतर सुमारे 4,800 किलोमीटर. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. 2017 साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच वाट एकट्याने सर केली. ही माणसे वेगळ्या मातीची नव्हेत, आपल्याच महाराष्ट्रातली आहेत. मग त्यांना हे साधते कसे? त्यात तीन गोष्टी आहेत: पाळी, पाणी आणि सवय.

पहिली गोष्ट पाळीची. दोघांच्या संघात एक जण सायकल चालवतो, तेव्हा दुसरा विसावा घेतो. मोठ्या जथ्यात पाळीची रीत निराळी. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्याचा खरा शत्रू म्हणजे समोरची हवा. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला आठपट जोर लागतो. पुढचा सायकलस्वार ही हवा अंगावर घेतो. त्याच्या मागे राहणाऱ्याचे शर्यतीच्या वेगात पाव ते एकतृतीयांश कष्ट वाचतात. म्हणून पुढचा गडी काही मिनिटे राबतो, मग बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जातो. सावडीने शेतीची कामे उरकणाऱ्यांना हा हिशेब वेगळा सांगायला नको. मात्र मुलांनी फार जवळून चालवू नये. पुढच्याच्या मागल्या चाकाला आपले चाक भिडले, तर पडतो तो मागचाच. दोन सायकलींइतके अंतर राखावे. आणि ट्रकच्या आडोशाने जाणे किंवा त्याला धरून जाणे म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरी गोष्ट पाण्याची. स्नायूंच्या कामातला पाऊण हिस्सा तरी उष्णतेतच जातो. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. माठाचेच पाहा ना! कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते, पावसाळ्यात तितके होत नाही. कारण पाझरलेले पाणी वाळते तेव्हाच ते उष्णता घेऊन जाते. आपले अंग हाही एक माठच. कोरड्या हवेत घाम इतका चटकन वाळतो, की तो आला हेच कळत नाही. सदऱ्यावर पांढरे डाग उमटतात, तेव्हा मीठही गेलेले असते. उन्हात कष्ट करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी प्यावे. पण तासन्‌तास नुसतेच पाणी ढोसणेही बरे नव्हे. मीठ घातलेले ताक घ्यावे, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घ्यावे.

तिसरी गोष्ट सवयीची. उन्हाला शरीर एका दिवसात सरावत नाही. त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातले मीठ कमी होते, हृदयाची धडधड उतरते. सराव सुटला की ही कमाईही काही आठवड्यांत ओसरते.

आता शिक्षकबंधूंना आणि भगिनींना सांगायचे ते हे. सायकल सहल काढायची तर आधी दोन आठवडे सकाळच्या वेळी थोडीथोडी रपेट ठेवा. एक शिक्षक पुढे, एक मागे, आणि वेग सर्वांत मंद मुलाचा. वारा समोरून असेल तेव्हा थोराड मुलांनी पाळीपाळीने पुढे राहावे. उन्हे तापण्याआधी मुक्काम गाठावा. एखादे मूल अडखळत बोलू लागले, भांबावले किंवा कोसळले, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 क्रमांकाला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नका. येथे मिनिटामिनिटाला मोल आहे.

वाळवंटाशी झुंज घेऊन कोणी जिंकत नाही. त्याच्या कलाने घ्यावे लागते. पुढच्याने मागच्याचा वारा अडवावा आणि मागच्याने आपली पाळी चुकवू नये. एवढे मुलांच्या अंगी बाणले, तर त्या सहलीने पुस्तकातल्या धड्याचे काम केले असे समजावे.