मोजणीत आलेली मुले

मूल शाळेत जाते, पण शिकते का? आणि शिकत नसेल, तर त्याचा जाब कोणाला विचारायचा? अमेरिकेत या प्रश्नांची उत्तरे कायद्याने देण्याचे प्रयत्न झाले. शाळेला विद्यार्थ्यांच्या प्रगतीबद्दल जबाबदार धरणाऱ्या अशा कायद्यांना उत्तरदायित्वाचे कायदे म्हणतात. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अंधत्व, बहिरेपणा असणाऱ्या मुलांच्या वाट्याला त्यांचे बरे-वाईट परिणाम विशेषच आले.

1975 पूर्वी अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा मुलांना शाळा सरळ प्रवेश नाकारू शकत असे. त्या वर्षीच्या कायद्याने त्यांना मोफत व योग्य शिक्षणाचा हक्क दिला आणि प्रत्येकासाठी लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा सक्तीचा केला. 1990 मध्ये या कायद्यात स्वमग्नतेची स्वतंत्र नोंद झाली. मुले शाळेत आली खरी. परंतु राज्याच्या परीक्षांतून त्यांना बहुधा वगळले जाई. कधी त्यामागे दया असे, तर कधी शाळेची सरासरी घसरेल ही भीती. ज्याची परीक्षाच होत नाही, तो काय शिकला हे कोण विचारणार? 1997 मध्ये त्यांना परीक्षेत सामावून घेणे बंधनकारक झाले, तरी निकाल वाईट लागल्यास शाळेवर फारसे काही ओढवत नसे.

ही स्थिती बदलली ती ‘कोणतेही मूल मागे राहू नये’ अशा अर्थाचे नाव असलेल्या कायद्याने. जानेवारी 2002 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली. तिसरी ते आठवी दरवर्षी आणि माध्यमिक स्तरावर एकदा वाचन व गणिताची परीक्षा आवश्यक ठरली. निकाल गटागटाने जाहीर करायचे होते आणि अपंगत्व असलेले विद्यार्थी हा त्यांतील एक गट होता. प्रत्येक गटातील किमान 95 टक्के विद्यार्थी परीक्षेला बसणे आवश्यक होते. एक गट जरी कमी पडला, तरी सामान्यतः सबंध शाळेची प्रगती अपुरी ठरे.

त्यामुळे कोपऱ्यातल्या विशेष वर्गात काय शिकवले जाते, याची चौकशी मुख्याध्यापकांना करावी लागली. मात्र ‘या मुलांमुळे आपली शाळा मागे पडली’ असा बोलही त्याच मुलांना लागू लागला. शिवाय एक पळवाट होती. गट मोजण्यासाठी किमान किती विद्यार्थी हवेत, हे राज्ये ठरवीत. एखाद्या राज्यात ती मर्यादा 40 असेल आणि शाळेत अशी 25 मुले असतील, तर त्या गटाचा वेगळा हिशेबच होत नसे.

स्वमग्न मुलाची अडचण आणखी वेगळी असते. परीक्षेच्या दिवशी वेळापत्रक बदलते, खोली बदलते, समोर अनोळखी पर्यवेक्षक असतो. दिव्याची बारीक गुणगुणही काहींना असह्य होते. एखादा मुलगा गणित अचूक सोडवतो, पण ‘गोष्टीतल्या मुलीला काय वाटले असेल?’ या प्रश्नाशी अडतो. दुसरा बोलत नाही, चित्रफलकावर बोट ठेवून उत्तर देतो. म्हणून स्वतंत्र खोली, जादा वेळ, मधली विश्रांती अशा सोयी आराखड्यात लिहिल्या जातात. त्या नसतील, तर परीक्षा मुलाच्या ज्ञानाची न होता त्याच्या सहनशक्तीची होते.

तीव्र बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांसाठी पर्यायी परीक्षा आहे. ती सोपी वाट ठरू नये, यासाठी 2015 च्या नव्या कायद्याने मर्यादा घातली: प्रत्येक विषयात राज्यातील एकूण परीक्षार्थींपैकी 1 टक्क्याहून अधिक विद्यार्थ्यांनी ती देऊ नये. जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्याने परीक्षा व गटवार निकाल कायम ठेवले. मागे पडलेल्या शाळांचे काय करायचे, हे बहुतांशी राज्यांवर सोपवले.

गटाचा निकाल चांगला असला, तरी एखादे मूल जागच्या जागी राहू शकते. कोलोरॅडो राज्यातील एका स्वमग्न मुलाच्या आराखड्यात वर्षामागून वर्षे जवळजवळ तीच उद्दिष्टे लिहिली जात होती. पालकांनी त्याला खासगी शाळेत घातले व खर्चाची मागणी केली. नाममात्राहून थोडी अधिक प्रगती पुरेशी आहे, असे खालच्या न्यायालयांनी मानले. हा वाद परीक्षेच्या कायद्याखालचा नव्हता. 1975 च्या हक्काखालचा होता. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये एकमताने तो निकष फेटाळला: मुलाची परिस्थिती लक्षात घेता त्याला योग्य अशी प्रगती साधता येईल, असाच आराखडा हवा. 2018 मध्ये खालच्या न्यायालयाने तो खर्च भरून देण्याची जबाबदारी शाळा-प्रशासनावर टाकली.