तेलाच्या पिशवीवर तारीख

महिन्याचं वाणसामान आलं की तेलाच्या पहिल्या पिशवीवर तारीख लिहून ठेवावी आणि महिनाअखेर किती पिशव्या संपल्या ते मोजावं. चौघांच्या घरात चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ३३ मिलिलिटर झालं. एक ग्रॅम तेला-तुपातून ९ कॅलरी मिळतात, तर पिठूळ पदार्थ आणि प्रथिनांतून ४. म्हणजे नुसत्या तेलातून रोज पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी पोटात जातात, आणि ताटात ते तेल वेगळं दिसतही नाही. वजन उतरवायला निघालेला माणूस मात्र आधी भात सोडतो.

भात राहू द्यावा, फोडणी मोजावी. किटलीतून थेट कढईत धार धरण्याऐवजी चहाच्या चमच्याने तेल घालावं. एका चमच्याच्या साधारण ४० कॅलरी होतात आणि चौघांच्या भाजीला तीन-चार चमचे पुरतात. मोहरी तडतडेपर्यंत कढई किंचित तिरकी धरावी, कांदा खाली लागायला लागला तर पाण्याचा हबका मारावा. झाकणावर पाणी ठेवून भाजी वाफेवर शिजवायची जुनी रीत इथे फार कामाची आहे.

शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज २५० कॅलरी कमी गेल्या, तर महिन्याला किलोभर वजन उतरावं. सुरुवातीला उतरतंही. पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या झालेल्या शरीराची गरजही कमी होते. नेमक्या याच टप्प्यावर बरेच जण कंटाळून सगळं सोडून देतात.

चहाचा हिशोब सोपा आहे. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दीडशेच्या आसपास कॅलरी, खारी-बिस्किटं वेगळी. साखर एकदम बंद करू नये, दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करावी. जिभेला सवय होते. गुळाचा चहा प्यायल्याने मात्र काही साधत नाही. कॅलरींच्या बाबतीत गूळ साखरेच्या जवळपासच आहे.

उपवासाचं प्रकरण जरा नाजूक. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण उगाच आलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाच. त्यात बटाटा, तूप आणि दाण्याचं कूट! कुटात प्रथिनं चांगली असतात, पण शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. खिचडी निम्मी घ्यावी, बाजूला काकडीची कोशिंबीर आणि ताक ठेवावं. वरीचे तांदूळ चालत असतील तर त्याहून बरं.

पोळीऐवजी भाकरी हा सल्ला सगळेच देतात. खरं तर गव्हाच्या आणि ज्वारीच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच असतात. घडीच्या पोळीला आतून-बाहेरून लागणारं तेल भाकरीला लागत नाही, हा भाकरीचा फायदा. तीन पोळ्यांच्या जागी तीन जाड भाकऱ्या खाल्ल्या तर तोही गेला. त्यापेक्षा ताटाच्या डाव्या बाजूची कोशिंबीर चमचाभराऐवजी वाटीभर घ्यावी, मटकी-मुगाची उसळ वाढवावी आणि जेवण तिथून सुरू करावं. पोळीकडे वळेपर्यंत भूक अर्धी झालेली असते.

चालण्याकडून अपेक्षा माफक ठेवाव्यात. साठ किलोच्या माणसाच्या एक किलोमीटर चालण्यात पन्नासएक कॅलरी खर्च होतात. एक वडापाव जिरवायला पाच-सहा किलोमीटर लागतील. शतपावली तरीही घालावीच, कारण जेवणानंतर रक्तात चढणारी साखर तिने आटोक्यात राहते.

आपल्या बाबतीत काट्यावरचा आकडा फसवाही असतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून आपण वजनाबरोबर पोटाचा घेरही मोजावा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. खाणं घटलं आणि औषध तेवढंच राहिलं, तर साखर एकदम खाली जाऊ शकते.