मावळत्या सूर्याचा फोटो

मुलांनो, मावळत्या सूर्याचा फोटो तुम्ही कधी मोबाइलने काढला आहे का? बहुतेकांचा अनुभव सारखाच असतो. डोळ्यांना आकाश लाल-केशरी दिसते आणि सूर्य थाळीएवढा वाटतो. फोटोत मात्र पांढरट आकाशात एक लहानसा ठिपका उरतो. मग आपण म्हणतो, "कॅमेराच साधा आहे!" पण यात कॅमेऱ्याचा दोष फार थोडा असतो.

सूर्य क्षितिजाला टेकला की हात लांब करून करंगळी त्याच्यासमोर धरा. तो सहज झाकला जाईल. झाडांच्या आणि घरांच्या जवळ आलेला सूर्य आपल्याला मोठा भासतो, पण तो दुपारी असतो तेवढाच असतो. आपले मन फसते, कॅमेरा फसत नाही. मोबाइलच्या आडव्या फोटोत सूर्य रुंदीचा शंभरावा हिस्सासुद्धा व्यापत नाही. म्हणून नुसत्या सूर्याचा फोटो काढू नका. त्याच्या पुढे काहीतरी येऊ द्या: एखादी होडी, ताडाचे झाड, पाण्याची टाकी, मशिदीचा मिनार. त्यासाठी समुद्रच हवा असे नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याच्या पूर्वेला उभे राहिलात, तर घुमट आणि चारही मिनार सायंकाळच्या आकाशावर शाईने काढल्यासारखे काळे दिसतात.

ते काळे दिसण्यासाठी एक युक्ती करावी लागते. कॅमेरा समोरचा सगळा उजेड मोजतो आणि चित्र मध्यम उजेडाचे करू पाहतो. पुढची जमीन काळोखी असली की तो उजेड वाढवतो आणि आकाशाचे रंग धुऊन जातात. अशा वेळी पडद्यावर सूर्याशेजारच्या आकाशाला बोट लावा. बहुतेक मोबाइलमध्ये तेथे सूर्याचे छोटे चिन्ह येते. ते सरकवून उजेड थोडा कमी करा. रंग लगेच परत येतील. झूम मात्र शक्यतो टाळा. त्याने साध्या मोबाइलवर चित्र फाटल्यासारखे दिसते.

आता हे रंग येतात कोठून? सूर्य क्षितिजावर असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे ३८ पट हवेतून येतो. वाटेत निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि तांबडा आपल्यापर्यंत पोहोचतो. पुढे लॉर्ड रॅले या नावाने प्रसिद्ध झालेल्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये याचे गणित मांडले. उंचावरचे विरळ ढग असले तर रंगांना पडदाच मिळतो. मला तर ढगांशिवायचा सूर्यास्त फिकाच वाटतो.

जागा आधी पाहून ठेवा, कारण सूर्य रोज एकाच ठिकाणी मावळत नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या मधल्या भागातून पाहिले, तर डिसेंबरात तो उघड्या समुद्रावर मावळतो आणि जूनमध्ये मलबार हिलच्या मागे जातो. वेळही थोडा असतो. सूर्याची कड क्षितिजाला टेकल्यापासून तो पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे सव्वादोन-अडीच मिनिटेच लागतात. म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. क्षितिजाची रेषा आधीच सरळ धरा, नाहीतर समुद्र एका बाजूला सांडल्यासारखा दिसतो!

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. दुर्बिणीतून किंवा भिंगाच्या कॅमेऱ्याच्या काचेतून सूर्याकडे पाहू नका. त्याने डोळ्याला कायमची इजा होते. आणि फोटोसाठी ओल्या खडकांवर उतरू नका. भरतीची एखादी मोठी लाट न सांगता येते.

सूर्य बुडाला की लोक कपडे झटकून उठतात. तुम्ही आणखी वीस मिनिटे थांबा. कित्येकदा खरा लाल रंग तेव्हाच ढगांच्या पोटाला चढतो. उजेड कमी असल्याने हात हलला तर फोटो पुसट येतो, म्हणून मोबाइल कठड्यावर टेकवून धरा.