जुन्या पिकअपला पुढे डिस्क ब्रेक

मैत्रिणींनो, गटाचा माल बाजाराला नेणाऱ्या जुन्या जीप-पिकअपला बहुधा चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. घाट उतरताना ब्रेक सारखा दाबला की बंद ड्रममध्ये उष्णता कोंडते आणि पकड सुटते. डिस्क उघडी असते, वाऱ्याने लवकर निवते. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे येतो, म्हणून डिस्क आधी पुढच्या चाकांना. पण नुसती डिस्क नि कॅलिपर बसवून भागत नाही. मास्टर सिलिंडर त्याच मापाचा हवा. मागच्या ब्रेकचा दाब बेतात ठेवणारा व्हॉल्व्हही हवा, नाहीतर मागची चाकं जखडून गाडी फिरते. खर्च करण्यापूर्वी आरटीओत विचारा, काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. आणि डिस्क बसली, तरी उतारावर गिअर खालचाच ठेवायला ड्रायव्हरला बजावा.