विश्लेषण : रेल्वेपूल धोक्यात आहे, हे आधी कसे कळते?

डिसेंबर २०२२ मध्ये रामेश्वर बेटाला जोडणाऱ्या पांबन पुलावरील रेल्वे वाहतूक थांबवण्यात आली. अपघात झाला नव्हता. पुलावरील सेन्सरनी धोक्याचा इशारा दिला होता. १९१४ मध्ये खुल्या झालेल्या या पुलावरून प्रवासी गाड्या पुन्हा धावल्या नाहीत. शेजारचा नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू होईपर्यंत रामेश्वरच्या प्रवाशांना अलीकडेच उतरावे लागले. गैरसोय मोठी होती. मात्र २२ जून २००१ रोजी केरळमध्ये कडलुंडीचा जुना पूल मंगलोर-चेन्नई मेल वर असतानाच कोसळला आणि ५० हून अधिक जणांचा बळी गेला, हे आठवले की ती सोसण्यासारखी वाटते.

सेन्सर काय टिपतात?

गाडी जाताना पूल किंचित वाकतो, थरथरतो. प्रत्येक पुलाची ही थरथर ठरावीक असते. गर्डरला तडा गेला, रिव्हेट सैल झाले किंवा बेअरिंग अडकले की ती बदलते. कोणते सेन्सर कंपने नोंदवतात, कोणते लोखंडावरचा ताण, तर कोणते खांबाचा कल.

नेहमीची पाहणी पुरेशी नाही?

पावसाळ्याआधी आणि नंतर पुलांची पाहणी होते. रिव्हेटवर हातोडी मारून आवाजावरून दोष ओळखणारा जुना कर्मचारी आजही मोलाचा. पण मोठा धोका पाण्याखाली असतो. पुरात खांबाभोवती भोवरे तयार होऊन पायाजवळची माती खरवडली जाते. गंमत म्हणजे, पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो आणि नंतर पाहणाऱ्याला सारे ठीक दिसते. म्हणून पूर असतानाच मोजणारी यंत्रणा लागते.

कोकण रेल्वेवर काय आहे?

काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी धोक्याजवळ येताच इशारा देणारी यंत्रणा आहे. रत्नागिरीजवळचा उंच पानवल पूल, गोव्यातील मांडवी व झुआरी आणि कर्नाटकातील शरावतीवरील पूल येथे वाऱ्याचा वेग मोजला जातो.

मग अडचण कुठे?

इशारा कधी द्यायचा, हे ठरवण्यात. मर्यादा फार खाली ठेवली तर गाड्या विनाकारण अडतात आणि कर्मचारी हळूहळू इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू लागतात. फार वर ठेवली, तर इशारा येईपर्यंत गाडी पुलावर पोहोचलेली असते.