नाव नसलेल्या रोग्यासाठी वर्गणी

वर्गणी मागण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले, एवढ्याच अधिकारावर आम्ही ह्या विषयाला हात घालीत आहो. बाजारातील एखाद्या हमालाला कर्करोग झाला की त्याच्या औषधपाण्यासाठी पावतीपुस्तक एका सकाळीच संपते. तीच वर्गणी कर्करोगाच्या संशोधनासाठी मागितली, तेव्हा एका वयस्क गड्याने विचारले, "ह्यातून बरा कोण होणार, त्याचे नाव सांगा." आम्हांस नाव सांगता येईना.

असे बिननावाचे दान कॅनडात एकदा फार मोठ्या प्रमाणावर जमले. टेरी फॉक्स ह्या 18 वर्षांच्या मुलाचा उजवा पाय 1977 साली हाडाच्या कर्करोगामुळे गुडघ्याच्या वर कापावा लागला. जगण्याची आशा शेकडा 50, असे त्याला सांगण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी ती शेकडा 15 होती म्हणे. दोन वर्षांत असे काय घडले? पाय तर पूर्वीही कापीतच होते. पण हा रोग मोठा फसवा. गाठ पायात दिसते, आणि तिच्या पेशी रक्तावाटे आधीच फुप्फुसापर्यंत पोचलेल्या असतात. त्या शस्त्राला सापडत नाहीत. शस्त्रक्रियेच्या जोडीला औषधे रक्तातून दिली तर ह्या लपलेल्या पेशींचा पुष्कळदा नाश होतो, हे त्या दशकात कळले. कळले ते औषधामागून औषध तपासून, मात्रा कमीजास्त करून, रोग्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवून. ह्यात जी औषधे निकामी ठरतात त्यांचाही खर्च कोणीतरी भरावाच लागतो, आणि आमच्या मते वर्गणीची खरी गरज तेथेच असते.

12 एप्रिल 1980 रोजी टेरी कृत्रिम पायावर सेंट जॉन्सहून देश ओलांडण्यास धावत निघाला. रोज सुमारे 42 किलोमीटर! प्रारंभी फारसे कोणी विचारले नाही. मग पोर्ट ओ बास्क ह्या सुमारे 10,000 वस्तीच्या गावाने 10,000 डॉलरांहून अधिक दिले. पुढे त्याचे मागणे ठरले: देशातील 2 कोटी 40 लाख लोकांमागे माणशी एक डॉलर. संघटनेत वावरलेल्यांना ह्या हिशेबाची गोडी लगेच कळेल. डॉलर देणारा त्या कामाचा सभासदच होतो, आणि सभासदाला जाब विचारता येतो.

143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावून झाल्यावर, 1 सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसात पोचला होता. तोवर जमा होती सुमारे 17 लाख डॉलर. फेब्रुवारी 1981 मध्ये ती 2 कोटी 41 लाखांवर गेली. त्यात प्रांतसरकारांच्या मोठ्या रकमाही होत्या, हे लपवून चालणार नाही. टेरी 28 जून 1981 रोजी वारला, तेव्हा तो 22 वर्षांचा होता. जमलेल्या पैशाचा त्याला स्वतःला काही उपयोग झाला नाही.

त्याच सप्टेंबरात त्याच्या नावाने पहिली धाव झाली. 3 लाख लोक आले, 35 लाख डॉलर जमले. ती आजही दरवर्षी होते, आणि तीत पहिला-दुसरा नंबर काढीत नाहीत. ह्या रोगात आता बहुतेकांचा पाय वाचवता येतो. रोगट हाड काढून त्या जागी धातूचा सांधा बसवतात.

हे सारे आम्ही त्या गड्याला चहाच्या टपरीवर सांगितले. त्याने 10 रुपये काढले, पावतीवर 'संशोधनासाठी' असे स्वच्छ लिहून घेतले, आणि हिशेब कोणत्या महिन्यात दाखवणार ते विचारले. मार्चअखेर, असे आम्ही सांगून आलो आहोत.